रिकामी सीट, उभा प्रवासी

सिलिकॉनच्या एका पातळ चकतीचे, म्हणजे वेफरचे, दोन तुकडे घेऊ. दोन्हींच्या वरच्या थरात बोरॉन सारखंच मिसळलेलं आहे. एक तुकडा आरगॉन भरलेल्या भट्टीत ठेवू, दुसरा ऑक्सिजन सोडलेल्या भट्टीत. तापमान तेच, वेळही तेवढाच. बाहेर काढून तपासलं, तर ऑक्सिजनमधल्या तुकड्यातलं बोरॉन जास्त खोल उतरलेलं दिसतं. आता बोरॉनच्या जागी अँटिमनी घेऊन हाच प्रयोग करू. निकाल उलटा लागतो. ऑक्सिजनमधलं अँटिमनी कमी खोल जातं.

यात चमत्कारिक गोष्ट अशी, की ऑक्सिजन खाली उतरलेलाच नसतो. तो पृष्ठभागावरच्या सिलिकॉनशी संयोग पावतो आणि काचेचा पातळ थर होऊन तिथेच बसतो. मग अणूंच्या हजारो ओळींखाली गाडलेल्या बोरॉनला घाई आणि अँटिमनीला आळस कुणी लावला? वरची खबर खाली पोचवणारा कोणी तरी असला पाहिजे. या प्रकरणात आपण त्या निरोप्याच्या मागावर जाणार आहोत. चिप बनवणाऱ्यांची दोन पिढ्यांची मेहनत त्याचा हिशेब मांडण्यात गेली आहे.

आधी हे सगळं कशासाठी, ते पाहू. एक घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये पाचावर बावीस शून्यं इतके अणू असतात. त्यांतल्या दर पाच कोटी अणूंमागे एकाच्या जागी बोरॉनचा अणू बसवला, तरी त्या तुकड्याची वीज वाहून नेण्याची क्षमता हजारो पटींनी बदलते. मुद्दाम मिसळलेल्या अशा परक्या अणूंना डोपंट म्हणतात. बोरॉन, फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनी हे त्यांतले नेहमीचे. कुठे कोणता डोपंट किती आहे, याचा नकाशा म्हणजेच ट्रान्झिस्टर. पंचाईत एवढीच, की चिप बनताना वेफर पुन्हा पुन्हा तापवावा लागतो, आणि दर वेळी हा नकाशा थोडा पसरतो. भट्टीत जाताना नकाशा एक असतो, बाहेर येताना दुसरा. तो किती पसरेल हे आधीच सांगता आलं नाही, तर प्रत्येक नवा ट्रान्झिस्टर म्हणजे महिनोन्‌महिने वेफर जाळत बसणं.

पसरण्याचा नियम तसा जुना आहे. १८५५ मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पाण्यात विरघळणाऱ्या मिठाचा अभ्यास करून तो मांडला. फूरियेने उष्णतेच्या वहनाला लावलेलं गणित त्याने मिठाला लावलं. दाटीकडून विरळ भागाकडे ओघ वाहतो, आणि दाटीचा उतार जेवढा तीव्र, तेवढा ओघ मोठा. या नियमात पदार्थाचा स्वभाव एकाच आकड्यात मावतो. तो आकडा म्हणजे विसरणाचा गुणांक. १९५० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत कॅल्विन फुलरने गरम सिलिकॉनमध्ये डोपंट मुरवण्याचं तंत्र बसवलं, तेव्हा हाच नियम हाताशी होता. १९५४ मध्ये जगापुढे आलेला सिलिकॉनचा सौर घट याच तंत्रातून निघाला.

बोरॉनचा हा गुणांक तापमानाप्रमाणे भयंकर बदलतो. १००० अंश सेल्सिअसला तासाभरात बोरॉन सरासरी पाऊणशे नॅनोमीटर सरकतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकं. ९०० अंशांना तेवढ्याच वेळात वीसेक नॅनोमीटर. आणि खोलीच्या तापमानाला विश्वाच्या वयाइतका वेळ दिला, तरी ते एका अणूच्या रुंदीइतकंही हलणार नाही. म्हणून तर तुमच्या फोनमधला नकाशा उन्हाळ्यातही विरघळत नाही.

फिकचा नियम ‘किती’ ते सांगतो, ‘कसं’ ते सांगत नाही. मिठाच्या पाण्यात हा प्रश्न पडत नाही, कारण द्रवात सगळेच हलत असतात. स्फटिकात मात्र प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. भरलेली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. सगळ्या सीटा भरलेल्या आणि मधल्या वाटेत कुणीही उभं नाही. अशा गाडीत खिडकीजवळच्या काकांना दोन रांगा पुढे जायचं असेल, तर जाणार कसं? शेजारच्याशी एकदम अदलाबदल करावी, तर अंग चोरायलाही जागा नाही. अणूंच्या बाबतीत अशा थेट अदलाबदलीला इतकी ऊर्जा लागते, की ती वाट सोडूनच द्यावी. निर्दोष स्फटिकात काहीच हलत नाही. हालचाल होते ती दोषांमुळे.

हे दोष दोन जातींचे. पहिली जात म्हणजे रिकामी सीट. जालकातला, म्हणजे अणूंच्या ठरलेल्या मांडणीतला, एक अणू जागेवर नाही, तिथे पोकळी आहे. शेजारचा अणू त्या पोकळीत सरकतो आणि स्वतःच्या मागे नवी पोकळी ठेवतो. प्रवासी पुढे जातो, रिकामी सीट मागे जाते. दुसरी जात म्हणजे उभा प्रवासी. सिलिकॉनचाच एक जादा अणू, ज्याला जालकात सीट मिळालेली नाही, तो सीटांच्या मधून वाट काढत फिरतो. तो बसलेल्या बोरॉनपाशी येतो आणि त्याला उठवून स्वतः बसतो. बोरॉन उभं राहतं, थोडं पुढे जातं आणि दुसऱ्या एखाद्या सिलिकॉनला उठवून त्याची जागा घेतं. उभ्या प्रवाशाला रिकामी सीट सापडली, की दोन्ही दोष एकदम मिटतात. याकोव्ह फ्रेंकेलने १९२६ मध्येच अशा जोडदोषांची कल्पना मांडली होती. भट्टीच्या तापमानालाही हे दोष फार विरळ असतात, कोट्यवधी सीटांमागे एखादा. पण सगळी हालचाल त्या एखाद्याच्या मेहेरबानीवर चालते. त्यांना बिंदुदोष म्हणतात.

आता प्रश्न असा, की सिलिकॉनमध्ये यांतला कोणता दोष कामाला येतो? सुरुवातीला बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं, रिकामी सीट. ते धातूंकडून आलं होतं. १९४७ मध्ये स्मिगेल्स्कास आणि कर्केंडॉल यांनी पितळेच्या ठोकळ्यावर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा बसवून वर तांब्याचा थर चढवला आणि तो तापवत ठेवला. काही दिवसांनी तारा आतल्या बाजूला सरकलेल्या आढळल्या. जस्त बाहेर जात होतं तितक्या वेगाने तांबं आत येत नव्हतं, आणि शेजाऱ्यांची थेट अदलाबदल चालली असती तर हे शक्यच नव्हतं. धातूंमध्ये पोकळ्याच अणूंना हलवतात, हे त्यातून पटत गेलं. मग सिलिकॉनमध्ये वेगळं काय असणार?

पण सिलिकॉन विक्षिप्तपणे वागत होतं. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांना एक खोड आढळली. आधी बोरॉनचा थर मुरवायचा आणि मग त्याच्या काही भागावर वरून फॉस्फरस मुरवायचा, अशी पद्धत होती. फॉस्फरसच्या बरोबर खाली असलेलं बोरॉन शेजारच्या बोरॉनपेक्षा खोल ढकललं जायचं, जणू वरच्याने खालच्याला कोपर मारलं. फॉस्फरसचा स्वतःचा आलेखही फिकच्या नियमात बसेना. वर सपाट पठार, मग गुडघ्यासारखा वाक, आणि खाली वाजवीपेक्षा लांब शेपूट.

१९७७ मध्ये फेअर आणि त्साई यांनी या आलेखाचं नेटकं स्पष्टीकरण दिलं. फॉस्फरस पोकळ्यांशी जोडी जमवून खाली उतरतो, विरळ भागात या जोड्या फुटतात, सुटलेल्या पोकळ्या खाली पसरतात, आणि त्यांच्यामुळे शेपूट लांबते व बोरॉनही ढकललं जातं. गणित आलेखावर छान बसलं. नेमक्या त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातून ‘सुप्रेम’ या प्रोग्रामची पहिली आवृत्ती बाहेर आली. रॉबर्ट डटन आणि जेम्स प्लमर यांच्या गटाचं हे काम. भट्टीचं तापमान, वेळ, वायू आणि डोपंट सांगा, प्रोग्राम खोलीनुसार डोपंटचा आलेख काढून देईल. वेफर न जाळता प्रयोग करण्याची सोय झाली, आणि पोकळ्यांवर आधारलेली स्पष्टीकरणं अशा प्रोग्रामांच्या पोटात सूत्रं होऊन बसली.

दुसऱ्या बाजूला काही जण वेगळं सांगत होते. जर्मनीत आल्फ्रेड झेगर १९६८ पासून म्हणत होता, की चढ्या तापमानाला सिलिकॉनमध्ये उभे प्रवासीच महत्त्वाचे. १९७४ मध्ये आयबीएमच्या एस. एम. हू यांनी ऑक्सिडीकरणाचं कोडं त्याच दिशेने सोडवलं. सिलिकॉनचा ऑक्साइड होताना आकारमान दुपटीहून जास्त फुगतं. पृष्ठभागाशी इतकी दाटी होते, की सिलिकॉनचे काही अणू ऑक्सिजनशी संयोग न पावता मागे, स्फटिकात रेटले जातात. म्हणजे गाडीच्या दारातूनच जादा प्रवासी आत कोंबले जातात. ते उभे राहून खोलवर पसरतात आणि दिसेल त्या बोरॉनला उठवत सुटतात. नको तिथे डोपंट शिरू नये म्हणून वेफरवर ऑक्साइडचं झाकण वाढवायचं, आणि तेच वाढताना खालच्या बोरॉनला पळवायचं. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना.

वाद मिटवला तो अँटिमनीने. अँटिमनीचा अणू मोठा. त्याला उठून वाटेत उभं राहणं जमत नाही. तो जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या सीटांच्या भरवशावर सरकतो. गाडीत उभ्यांची गर्दी वाढली, की रिकाम्या सीटा पटापट भरतात, आणि अँटिमनी अडकून पडतं. बोरॉनची घाई आणि अँटिमनीचा आळस ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. बोरॉन उभ्या प्रवाशांचा साक्षीदार, अँटिमनी रिकाम्या सीटांचा. दोघांची साक्ष एकत्र वाचली, की न दिसणाऱ्यांचा पत्ता लागतो. उलटतपासणीही झाली. ऑक्सिजनऐवजी अमोनियात तापवून नायट्राइड वाढवलं, तर अँटिमनी पळतं आणि बोरॉन मंदावतं, म्हणजे तिथे पोकळ्या आत सोडल्या जातात.

१९८४ मध्ये फेही, डटन आणि हू यांनी ही साक्ष फॉस्फरसच्या खटल्यात उभी केली. वर फॉस्फरस मुरत असताना खाली गाडलेलं अँटिमनी मंदावलं. फेअर-त्साईंच्या पोकळ्या खरोखर खाली पसरत असत्या, तर ते पळायला हवं होतं. कोपर मारणारे उभे प्रवासीच होते. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत झाली होती. गंमत अशी, की पखालीला डाग दिल्यावरही आलेख बरा होत होता. हवे तसे बदलता येणारे मोकळे आकडे पुरेसे असले, की चुकीच्या कारणातूनही बरोबर रेषा काढता येते. असं गणित आपण पाहिलेल्या भट्टीतच चालतं. नवी भट्टी, नवा वायू किंवा नवा डोपंट आला, की ते उघडं पडतं.

म्हणून १९८० च्या दशकात गणिताची बैठकच बदलली. सुप्रेमच्या चौथ्या आवृत्तीत वेफरचा उभा छेद दोन मितींत, छोट्या छोट्या घरांत विभागला गेला, आणि डोपंटांबरोबर उभे अणू व पोकळ्या यांचीही स्वतंत्र खाती उघडली गेली. प्रत्येक घराचा, प्रत्येक क्षणाचा जमाखर्च ठेवायचा. शेजारच्या घरातून किती उभे अणू आले, किती गेले, किती पोकळ्यांना भेटून मिटले, पृष्ठभागाने किती सोडले आणि किती गिळले. डोपंटचा गुणांक आता स्थिर आकडा राहिला नाही. त्या घरात, त्या क्षणी उभ्यांची संख्या त्या तापमानाला एरवी असते त्याच्या, म्हणजे समतोलाच्या, किती पट आहे, यावर बोरॉनचा वेग ठरतो. पोकळ्या समतोलाच्या किती पट आहेत, यावर अँटिमनीचा. आर्सेनिक दोघांशीही संधान बांधून असतं, त्यामुळे त्याचा वेग दोन्ही खात्यांची गोळाबेरीज करून काढावा लागतो. दोषांवर आणि डोपंटांवर विद्युतभारही असतो, त्याची नोंद वेगळी.

हा हिशेब संगणकाला घाम फोडतो. उभे अणू निमिषार्धात हिंडून येतात, तर बोरॉन तासाभरात काही नॅनोमीटर. सशाचं पाऊल मोजायचं तर काळाचे अतिसूक्ष्म तुकडे करावे लागतात, आणि कासवाची चाल पाहायची तर असे तुकडे असंख्य जोडावे लागतात. दोघांना एकाच गणितात सांभाळण्यासाठी गणितज्ञांना खास पद्धती वापराव्या लागल्या.

एवढी तयारी झाली आणि मग खरी परीक्षा आली. चिपमध्ये डोपंट घालण्याची पद्धत दरम्यान बदलली होती. भट्टीतल्या वायूतून मुरवण्याऐवजी बोरॉनचे आयन वेगाने वेफरवर मारले जातात. म्हणजे आयन इम्प्लांटेशन. मात्रा नेमकी बसते, पण घुसणारा प्रत्येक आयन शेकडो अणूंना जागेवरून उखडतो. ही मोडतोड दुरुस्त करण्यासाठी वेफर तापवावा लागतो, त्याला अनीलिंग म्हणतात. ८०० अंशांवर दहा मिनिटं तापवलं, तर जुन्या गुणांकाप्रमाणे बोरॉनने दीडेक नॅनोमीटर सरकायला हवं. प्रत्यक्षात त्याचा गुणांक काही काळ हजार पट, कधी त्याहूनही जास्त वाढलेला आढळला. गुणांक हजारपट झाला, की अंतर तीसेक पटीने वाढतं, म्हणजे दीडच्या जागी पन्नासेक नॅनोमीटर. ट्रान्झिस्टरचे थर वीस-तीस नॅनोमीटरवर आणायचे असताना हे परवडणार कसं? रोगापेक्षा औषध जालीम ठरलं.

त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे, तापमान कमी केलं की हा उपद्रव घटण्याऐवजी वाढायचा. याचा उलगडा दोन पायऱ्यांत झाला. १९९१ मध्ये मार्टिन जाइल्सने साधा हिशेब मांडला. उखडलेले अणू आणि मागे राहिलेल्या पोकळ्या जोडीनेच तयार होतात, त्यांतल्या बहुतेक जोड्या लगेच मिटतात. उरतं काय? बाहेरून आलेला बोरॉनचा अणू शेवटी एका सीटवर बसतो, आणि त्या सीटवरचा सिलिकॉन उभा राहतो. गाडीत एक जण जास्त चढला, तर एक जण जास्त उभा. प्रत्येक आयनामागे एक जादा उभा अणू. या मॉडेलचं नावच ‘अधिक एक’.

पण हे जादा अणू क्षणार्धात पृष्ठभागाकडे जाऊन नाहीसे का होत नाहीत? १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या ईगलशॅम आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर पाहिलं. जादा अणू घोळके करून सळ्यांसारख्या लांबट रचनांत गोठून बसत होते. स्फटिकाच्या ज्या पातळीवर त्या वाढतात, तिच्यावरून त्यांना ‘तीन-एक-एक’ दोष म्हणतात. एस.टी.च्या वाटेत सामानावर टेकलेल्या मंडळींसारखे ते काही वेळ शांत बसतात आणि मग एकेक करून उठतात. उठणारा प्रत्येक जण बोरॉनला उठवत जातो. सळ्या संपल्या, की उपद्रव थांबतो. ७०० अंशांना सळ्या विरघळायला तासन्‌तास लागतात, आणि त्या तापमानाला समतोलातले उभे अणू इतके थोडे असतात, की त्यांच्या तुलनेत ही गर्दी प्रचंड ठरते. म्हणून कमी तापमान वाईट. मग उपाय उलटा निघाला. तापमान झपाट्याने हजार अंशांच्या वर न्यायचं आणि सेकंदाभरात उतरवायचं. मोडतोड बरी होते, सळ्या विरतात, आणि बोरॉनला पळायला सवड मिळत नाही. आजच्या वेगवान अनीलिंगच्या यंत्रांमागे हेच गणित आहे. काही ठिकाणी थोडा कार्बनही घालतात, तो उभ्या अणूंना धरून ठेवतो.

१९९३ मध्ये या हिशेबाने आणखी एक गूढ सोडवलं. ट्रान्झिस्टर आखूड केला, की तो सुरू व्हायला लागणारं व्होल्टेज घटतं, हा अनुभव. काही चिपांमध्ये मात्र ते आधी वाढायचं. रॅफर्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन्ही टोकांना आयन मारताना तयार झालेले उभे अणू गेटखालच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पट्टीखालच्या, पृष्ठभागाकडे जाऊन मिटतात, आणि जाता जाता बोरॉनला वर ओढून नेतात. ट्रान्झिस्टर आखूड असेल, तर दोन्ही टोकांना साचलेले बोरॉनचे हे ढीग मध्यभागाजवळ येतात आणि व्होल्टेज चढतं. मीटरवर दिसलेला तो विचित्र आकडा म्हणजे उभ्या अणूंची पाऊलखूण होती.

इतकं सगळं जुळल्यावर वाटेल, की उभे अणू किती आणि किती वेगाने धावतात, हे नक्की माहीत असेल. ते तसं नाही. या प्रयोगांतून भरवशाने मिळतो तो या दोन आकड्यांचा गुणाकार. पुलावरून तासाला किती माणसं गेली ते कळावं, पण ती थोडी होती आणि धावत होती, की पुष्कळ होती आणि रांगत होती, ते कळू नये, तशी ही गत. दोन आकडे सुटे करू पाहणाऱ्या मोजमापांत कित्येक पटींचा फरक पडत आला. त्याचं एक कारण कार्बनसारखे सापळे. वेफर बदलला, की सापळे बदलतात आणि उभ्या अणूंची चालही बदलते. गुणाकार पक्का असल्याने तासाभराच्या भट्टीचं भाकीत बरोबर येतं. सेकंदाच्या अनीलिंगमध्ये मात्र समतोल यायलाच वेळ नसतो, आणि तिथे ते सुटे आकडे लागतात.

आणि आता मोजण्याची मापंच आखूड पडू लागली आहेत. वीस नॅनोमीटर बाजूच्या घनात, दाट म्हणावं इतकं डोपिंग केलं तरी, बोरॉनचे आठेक अणू मावतात. फिकच्या मिठाच्या पाण्यात सरासरीला अर्थ होता. आठ अणूंची सरासरी घेऊन कुणाचं समाधान होणार? म्हणून संशोधक आता संगणकात एकेका अणूला पाऊल टाकायला लावतात, प्रत्येक पावलागणिक फासा टाकतात, आणि तोच खेळ हजारो वेळा खेळून पाहतात. दर खेळात ते आठ जण वेगळ्या सीटांवर बसलेले सापडतात. त्यामुळे शेजारी शेजारी बनवलेले दोन ट्रान्झिस्टरही हुबेहूब सारखे निघत नाहीत. एकाच्या वाटेने एखादा उभा प्रवासी जास्त गेलेला असतो.